रिकिबीएवढे गवत

मित्रांनो, मी गवताचा एक जुना ठोंब आहे. जुना म्हणजे किती, ते मला नक्की सांगता येणार नाही. दोनशे वर्षे तरी झाली असावीत. माझा मधला गाभा केव्हाच मरून गेला आणि आता मी काठाकाठाने जगतो. त्यामुळे मोजायला सुरुवात कुठून करावी, हेच कळत नाही. शिवाय गवताने आपली गोष्ट सांगावी का, याचीही मला शंका आहे. मी उभ्या आयुष्यात जागचा हललो नाही. एकदाच हललो, तेही तुकड्यातुकड्यांनी आणि मनाविरुद्ध. सांगायचे आहे ते तेच.

मी पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्या भागात, ओटागोच्या डोंगरात राहतो, धारेच्या खाली, सावलीच्या बाजूला. आमच्याकडे सूर्य उत्तरेकडून तळपतो, म्हणून उत्तरेचा उतार उन्हाचा आणि दक्षिणेचा सावलीचा. मधे धार. धारेपलीकडे काय चालले आहे ते मला दिसत नाही, फक्त येणाऱ्याजाणाऱ्यांच्या तोंडून ऐकू येते. माझा स्वभाव संशयी झाला, त्याचे एक कारण हे असावे.

दुसरे कारण घराण्यातच आहे. आम्ही दरवर्षी फुलत नाही. चार, पाच, कधी सहा वर्षे गप्प बसतो. मग एखादा कडक उन्हाळा गेला की पुढच्या वर्षी सगळा डोंगर एकदम फुलतो. बी खाणाऱ्या अळ्या आमच्या फुलोऱ्यावर टपलेल्या असतात. वाट पाहून पाहून त्यांतल्या बऱ्याच उपाशी मरतात, आणि आम्ही फुलतो तेव्हा उरलेल्यांना ते खाऊन संपत नाही. आपली तारीख कुणाला सांगायची नाही, हा आमचा कुळाचारच आहे.

अशाच एका वर्षी आईने बी टाकले आणि वाऱ्याने आम्हा तीन भावंडांना तीन जागी नेले. एक पडला धारेवर. तिथे माती नाहीच, चकाकत्या पापुद्र्यांच्या खडकाचा नुसता भुगा, आणि वारा असा की बोलायला तोंड उघडवत नाही. तो भाऊ जगला, पण घोट्याच्या वर कधी गेला नाही. अंग चोरून, जमिनीला चिकटून बसला आहे. दुसरा पडला खालच्या खोलगटात. तिथे डिसेंबरपर्यंत बर्फ हटत नाही, आणि हटला की काळ्या आंबट चिखलात पाणी साचून राहते. ती जागा बर्फाखाली झोपू शकणाऱ्या बुटक्या गवतांची. माझा भाऊ दुसऱ्याच वर्षी मुळापासून कुजला.

मी पडलो एका सपाट शिळेच्या आडोशाला. वाऱ्याने हजारो वर्षे आणून टाकलेली पिवळी, पिठासारखी माती तिथे हातभर खोल होती. पाणी थांबत नव्हते, पण लगेच पळतही नव्हते. समुद्राकडून धुके यायचे ते आधी माझ्याच पानांवर आपटायचे. मी वाढलो. कमरेएवढा झालो.

एकाच आईची तीन मुले. म्हणून कुणी मला उंच म्हटले की मला अवघडल्यासारखे होते. उंच मी झालो, की ही माती उंच झाली? माती मला धरून आहे, की मी मातीला? हा प्रश्न मी दोनशे वर्षे चघळतो आहे, आणि मेंढरे मला चघळत आहेत.

माणूस ओळखायचा माझा एक नियम आहे. त्याच्या चेहऱ्याकडे पाहायचे नाही, हाताकडे पाहायचे. पहिल्यांदा जे किल्गोर आजोबा घोड्यावरून आले, त्यांच्या हातात काडेपेटी होती. जुने, राठ गवत जाळले की आठवड्या दोन आठवड्यांत हिरवे कोंब येतात, ते मेंढरांना आवडतात. मेंढरे कोंब खातात, ठोंब थकतो, मग पुन्हा जाळायचे. उन्हाची बाजू त्यांनी दर दुसऱ्या वसंतात पेटवली. आमची बाजू ओली, म्हणून आगीने आम्हाला एकदाच धरले. माझा गाभा गेला तो त्याच आगीत.

कुत्रा तेवढा हात हलवत यायचा. पण तोही माझ्याजवळ आला की पाय वर करायचा.

आता मर्डोकडे येतो. मर्डो किल्गोर हा त्या आजोबांचा नातू. अंगाने वाळका, तोंडात पाइप, डोंगराचा आणि चार हजार मेंढरांचा धनी. घरात तो आणि त्याची विधवा बहीण एफी, अशी दोघेच. माझ्या खाली वीस पावलांवर झरा उगम पावतो. तिथे एक लाकडी पेटी पुरलेली आहे आणि पेटीतून निघालेली नळी खाली त्यांच्या घरात जाते. घरातले सगळे पाणी तेच.

एका वसंतात दोघे पेटी पाहायला वर आले. एफी पायी, मर्डो घोड्यावर.

“नळ खोकतोय, मर्डो. तुझ्यासारखाच. आधी खाकरतो, मग थुंकतो, आणि कामाचं काही देत नाही.”

“पेटीत पानं अडकली असतील.”

“गेल्या वर्षीही हेच म्हणालास. पेटी मी परवाच घासली. पानं नाहीत, पाणीच नाही.”

“मग पाऊस कमी झाला असेल.”

“पाऊस तेवढाच आहे. पावसाची वही मी लिहिते, तू नाही.”

वाद अंगाशी आला की मर्डो घोडा वळवायचा. या वेळी वळवला तो माझ्याच अंगावर. माझी पाने त्याच्या बुटाला घासली. त्याने खाली पाहिले आणि पाइप तोंडातून काढला.

“हे बघ एफी! रिकिबीला लागतंय. आजोबा काय म्हणायचे? गवत रिकिबीला लागलं की जमीन तगडी. अशी तगडी जमीन मी सावलीत फुकट घालवतोय. एकदा जाळायचं, वरून क्लोव्हरच्या चाऱ्याचं बी फेकायचं. दोन वर्षांत मेंढरं इतकी माजतील की चालवणार नाही त्यांना.”

“पलीकडची बाजू आजोबांनी अशीच तगडी म्हणून जाळली होती.”

“ती मुळातच अशक्त.”

“अशक्त? दिवाणखान्यातला फोटो बघ. त्याच उतारावर आजोबांचा घोडा पोटापर्यंत गवतात बुडालाय.”

“घोडा बुटका होता.”

मित्रांनो, खरे सांगतो, ‘तगडी’ हा शब्द ऐकून मला क्षणभर बरे वाटले. इतक्या वर्षांत कुणी मला चांगले म्हटले नव्हते. मग लक्षात आले की याच चांगलेपणासाठी तो मला जाळणार आहे. तेव्हापासून कुणी स्तुती केली की मी आधी काडेपेटी कुठे आहे ते पाहतो.

जाळायला सरकारी परवानगी लागते. मर्डोने ती आणली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. त्या खिशाचा फुगवटा मला रोज दिसायचा.

त्याच महिन्यात रिपेका आली. तिच्या हातात फावडे होते.

रिपेका मोएराकीच्या किनाऱ्यावरची, माओरी, म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या, घरातली. ड्युनेडिन शहरात गवतांचा अभ्यास करायची. तिशीची असेल. ती आली, माझ्यापुढे उकिडवी बसली आणि काही न विचारता माझी मूठभर वाळकी पाने ओढून घेतली. चोर आहे, असे मी मनात नोंदवले. मग तिने बूट काढला आणि ती पाने बुटात कोंबली.

“आमचे लोक चपलांत हे गवत कोंबून हे डोंगर ओलांडायचे,” ती मर्डोला म्हणाली. “पाय गरम राहतात.”

“माझी मेंढरं हेच पोटात कोंबतात,” मर्डो म्हणाला. “तीही गरम राहतात.”

ती हसली. मग तिने बोट माझ्या मुळाशी खुपसून माती वर काढली आणि अंगठ्याने चोळली. “तुम्ही ही बाजू जाळणार आहात, असं ऐकलं.”

“तगडी जमीन आहे, पोरी. गवतच सांगतंय.”

“गवत बघून तुम्ही जमीन ओळखता. आणि उलटं असलं तर? ही जमीन गवतानेच धरून ठेवली असली तर?”

“मुलगा बापाला जन्म देत नाही.”

“म्हाताऱ्या बापाला सांभाळतो की नाही?”

एफी मागून म्हणाली, “याला मुलगा नाही, म्हणून कळायचं नाही.”

मर्डोचे कान लाल झाले. तो पैजेला तयार झाला तो बहुतेक त्या लाल कानांमुळेच.

पैज अशी ठरली. माझ्यातून नऊ तुकडे काढायचे. सगळ्यांची पाने छाटून वीतभर ठेवायची. तीन तुकडे इथेच माझ्याशेजारी लावायचे, तीन धारेवर आणि तीन पलीकडे, उन्हाच्या जळक्या बाजूला. लावताना एकदा पाणी, नंतर एक थेंबही नाही, आभाळ देईल तेवढेच. मेंढरे जाऊ नयेत म्हणून भोवती जाळी. तीन उन्हाळे थांबायचे. चौथ्या वसंतात पलीकडचा एक जरी तुकडा इथल्यांच्या निम्म्या उंचीचा दिसला, तर जाळल्याने जमिनीचे काही बिघडत नाही, मर्डोचे खरे. त्याने सावलीची बाजू खुशाल पेटवावी. नाही दिसला, तर इथे काडी ओढायची नाही. कधीच नाही.

“एका ठोंबावरून शास्त्र सिद्ध होत नाही,” रिपेका म्हणाली.

“पैज होते ना?” मर्डोने हात पुढे केला.

“आणि मोजणार मी,” एफी म्हणाली. “माझ्या शिवणाच्या टेपने. दोघांचाही भरवसा नाही मला.”

मला कुणी विचारले नाही. फावडे माझ्या काठात शिरले. मुळे तुटताना जो आवाज होतो, तो मोठा नसतो. कापड फाटावे तसा होतो. नऊ तुकडे निघाले. प्रत्येकाला पत्र्याचा नंबर बांधला. सहांना ओल्या गोणपाटात गुंडाळून रिपेका धारेकडे चालू लागली, आणि मी तिच्या पाठीकडे पाहत राहिलो. हिला मला वाचवायचे होते, असे सगळे म्हणतात. वाचवणारा आधी कापतो का? मला तेव्हा ते पटले नव्हते. अजूनही पूर्ण पटलेले नाही.

पहिला उन्हाळा आला. जानेवारीत वायव्येचा गरम वारा सुटला. त्या शनिवारी मर्डो एकटाच वर आला. घोड्याच्या दोन्ही बाजूंना रॉकेलचे दोन रिकामे डबे लोंबत होते. त्याने इकडेतिकडे पाहिले, डबे पेटीतून भरले आणि धार ओलांडून पलीकडे गेला. तासाभराने परतला. डबे वाजत होते, म्हणजे रिकामे होते.

पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही.

मी विचारात पडलो. माणूस पाणी घेऊन डोंगर का चढेल? पलीकडे मेंढरे नव्हती, ती जानेवारीत लोकर कापायला खाली नेलेली असतात. आग विझवायची असेल तर धूर कुठे आहे? डब्यात सशांना मारायचे विष कालवले असेल का? पण माझे तुकडे मारून त्याला काय मिळणार? त्याला तर ते वाढायला हवे होते.

वाढायला हवे होते. हे शब्द मनात आले आणि सगळा उलगडा झाला. तो त्यांना पाणी घालत होता.

मित्रांनो, आता जे सांगणार आहे ते सांगायची मला लाज वाटते. धारेपलीकडे जे तीन तुकडे होते ते मीच होतो. माझेच मूळ, माझेच पान. ते जगले तर इथे माझ्यासकट सगळी बाजू जळणार होती. ते मेले तर आम्ही वाचणार होतो. म्हणून रात्रंदिवस मी एकच गोष्ट मागू लागलो, की माझी लेकरे मरू देत. वारा वायव्येकडून सुटला की मला आनंद व्हायचा. धुके आले की ते धारेपलीकडे जाऊ नये म्हणून मी सगळी पाने पसरून ते अडवायचो. पानांनी धुके किती अडते कोण जाणे. पण माझा हेतू तोच होता.

हिवाळे आले नि गेले. रिपेका वर्षातून दोनदा यायची. माझ्याजवळ बसून स्कोनचा गोल पाव खायची आणि वही उघडून स्वतःशीच बोलायची. तिच्या बोलण्यातून मला पलीकडचे कळायचे. उघड्या मातीत थंडीच्या रात्री बर्फाच्या सुया उगवतात आणि रोपाला मुळासकट वर उचलतात. सकाळी ऊन आले की सुया वितळतात, रोप आडवे पडते. पहिल्या हिवाळ्यात एक तुकडा तसा गेला. दुसऱ्या हिवाळ्यात दुसरा.

“पण सात नंबर,” ती स्वतःशी म्हणाली, “सात नंबर का मरत नाही?”

तिला संशय आला नाही. मला याचेच आश्चर्य वाटते. शिकलेल्या माणसांना गवताइतकाही संशय येत नाही.

तिसरा उन्हाळा फार कोरडा गेला. मर्डो शनिवारी यायचा, पेटीत डबा तिरका धरायचा आणि थांबायचा. पहिल्या वर्षी डबा भरेपर्यंत त्याचा पाइप पेटायचाही नाही. आता तो शिळेवर बसून सबंध पाइप ओढायचा, राख काळजीपूर्वक ओल्या दगडावर झटकायचा, तरी डबा अर्धाच असायचा. असाच तो बसला होता. कुत्र्याने कान टवकारले. खालून एफी येत होती. हातात नळी आवळायचा पाना होता.

तिने डब्यांकडे पाहिले. मग भावाकडे.

“चार दिवस झाले, नळाला थेंब नाही. भांडी मी शिळ्या पाण्याने विसळते आहे. आणि तू इथे बसून डबे भरतोस?”

“घोड्याला.”

“घोडा तुझ्यामागे चिखलाच्या डबक्यात उभा आहे. तोंड बुडवून.”

मर्डोने डबा पायाने मागे सारला.

एफी खाली बसली. तिला दम लागला होता. “कुठे नेतोस?” तिने विचारले, आणि त्याने सांगायच्या आधीच धारेकडे पाहिले. “अगं बाई. सात नंबर!”

“त्या पोरीला सांगू नकोस.”

“बाबा असते तर कान उपटला असता तुझा.”

“बाबांनी दोनदा जाळलीच की ती बाजू.”

“जाळली. पण मापात पाप नाही केलं.” ती उठली. पाना तिने पेटीवर ठेवला. वापरला नाही, कारण आवळण्यासारखे काही नव्हते. “मी मोजणार आहे, मर्डो. जे टेपवर दिसेल ते बोलणार. तू काय बोलायचं ते तू बघ.”

ती निघून गेली. मर्डोने अर्धा डबा उचलला. मला वाटले, आता तो ओतून टाकील. त्याने तो घोड्याला अडकवला आणि धार चढू लागला.

पाहा! तेव्हा मी म्हटले, माणसाची जातच अशी.

चौथा वसंत आला. त्या सकाळी धुके इतके दाट होते की तिघे अगदी जवळ येईपर्यंत मला दिसले नाहीत. पलीकडचे मोजून आले होते. रिपेकाचा चेहरा उतरला होता. एफीने टेप माझ्या शेजारच्या तीन तुकड्यांना लावला.

“तीस इंच. एकतीस. तीस.”

“धारेवर दोन जिवंत, पाच-सहा इंच,” रिपेका वहीत पाहत म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. “पलीकडे दोन मेले. सात नंबर... सोळा.”

तिसाचे निम्मे पंधरा. गवताला गणित येत नाही असे कुणी समजू नये.

“मी हरले,” रिपेका म्हणाली. “कसं ते कळत नाही, पण हरले.” ती पेन्सिल काढून लिहायला लागली.

एफी टेप गुंडाळत भावाकडे पाहत राहिली. टेप गुंडाळून झाला, तो तिने उलगडला आणि पुन्हा गुंडाळायला घेतला.

मर्डोचा हात कोटाच्या आत गेला. माझी सगळी पाने ताठ झाली. इतकी वर्षे ज्याची धास्ती होती ते आले, असे मला वाटले.

“लिहू नकोस,” मर्डो म्हणाला.

“का? तुम्ही जिंकलात.”

“मी पाणी घातलंय. तीन उन्हाळे, दर शनिवारी. दोन डबे.”

पेन्सिल थांबली. रिपेकाला राग आला. तो येणारच. “तीन वर्षं, किल्गोर! बर्फात चढत आले मी इथे. तीन वर्षं माझी वही खोटी लिहायला लावलीत तुम्ही!”

“हो.”

“आणि आता का सांगताय?”

मर्डो शिळेवर बसला. “आधी डबा पटकन भरायचा. यंदा भरेना. बसून राहायचो. बसलं की माणूस विचार करतो, ती एक वाईटच सवय. त्या मुठीएवढ्या ठोंबाला आठवड्याला दोन डबे लागतात, तेव्हा कुठे तो गुडघ्याशी येतो. आजोबांच्या फोटोत त्या उतारावर असे हजारो आहेत. घोड्याच्या पोटाला लागणारे. त्यांना कोण पाजत होतं? आजोबा? ते स्वतःचे हात धुवायला आळस करायचे.”

“आंघोळीलाही,” एफी म्हणाली.

“म्हणजे तेव्हा तिथे पाणी होतं. गवत गेलं, पाणी गेलं. घोडा बुटका नव्हता, एफी.” तो माझ्याकडे वळला. “आणि इथे तर मी कधी डबा आणला नाही.”

त्याने तळहात माझ्या पानांखाली धरला. धुके पानांवरून ओघळत होते, थेंबामागून थेंब. थोड्या वेळात त्याच्या हातावरच्या रेघा भरल्या. खाली पेटीत पाण्याचा बारीक आवाज येत होता.

मग त्याचा हात पुन्हा खिशात गेला आणि या वेळी खरोखरच काडेपेटी बाहेर आली. मित्रांनो, मी डोळे मिटले असते, पण मला डोळे नाहीत. ऐकू आले ते एवढेच:

“धर, एफी. तुझ्या चुलीपाशी ठेव. इथे आणत नाही.”

“आणि पाइप?”

“नुसता चावीन.”

रिपेकाने वहीचे पान फाडले नाही. सात नंबरपुढे तिने काहीतरी लिहिले, पुष्कळ वेळ लिहिले. मग बुटातली जुनी पाने काढून टाकली आणि माझ्याकडून नवी मूठभर घेतली. या वेळी जरा हळू ओढली, असे मला वाटले. वाटले, एवढेच म्हणतो.

त्यानंतर काय झाले ते थोडक्यात सांगतो. परवानगीचा कागद परत गेला. धारेजवळ तारेचे कुंपण पडले आणि वरच्या अंगाला मेंढरे येईनाशी झाली. झऱ्याचे पाणी वाढले नाही, खोटे कशाला सांगू? पण आणखी घटलेही नाही. एफीचा नळ अजून खोकतो, पण थुंकतो तेव्हा किटली भरते.

पैज संपली, मर्डोचे शनिवार मात्र संपले नाहीत. पाऊस नसेल तेव्हा तो दोन डबे घेऊन पलीकडे जातच राहिला. “आता कशाला?” म्हणून एफीने विचारले, तर म्हणाला, “सवय लागली.” चार वर्षांनी आम्ही फुललो, आणि वाऱ्याने आमचे बी धारेपलीकडे नेले. रिपेका सांगत होती की सात नंबरच्या आडोशाला, जिथे बर्फाच्या सुया उगवत नाहीत, तिथे चार रोपे धरली आहेत. बोटाएवढी. चारच. त्यांच्या पायाशी वाऱ्याने उडालेली माती थोडी थोडी साठते आहे.

ज्या लेकराच्या मरणाची मी तीन वर्षे वाट पाहिली, तेच आता पलीकडची माती धरून बसले आहे. मी मोठा की माती, हा माझा प्रश्न तिथेच आहे. फक्त आता मला वाटते की तो विचारण्यात अर्थ नाही. दोघांनी एकमेकांचा हात धरला आहे. एकाचा सुटला की दोघेही जातात, आणि मग शंभर वर्षे डबे वाहिले तरी थोडेच परत येतात.

म्हणून, मित्रांनो, तुम्हाला एक विनंती आहे. तुम्ही कुठल्याही डोंगरावर जाल, तिथे उंच, हिरवे, चांगले काही उभे दिसेल. ते पाहून ‘काय तगडी जमीन आहे’ म्हणण्याआधी त्याच्या मुळाशी जरा बसा. तळहात धरा. कोण कुणाला सांभाळते आहे ते पाहा. आणि आमच्याकडे आलात तर हात मोकळे ठेवून या. मी तुमचे चेहरे पाहणार नाही.

मर्डो आता म्हातारा झाला आहे. घोड्यावर बसवत नाही, काठी टेकत चढतो. वाकल्यामुळे माझी पाने हल्ली त्याच्या छातीला लागतात. शिळेवर बसतो, न पेटवलेला पाइप चावतो, डब्यातला चहा पितो. परवा उठताना उरलेला चहा त्याने माझ्या मुळाशी ओतला आणि काठीने माती सारखी केली.

चहात साखर होती.

गवताला साखर कशासाठी? मी तेव्हापासून विचार करतो आहे.